किरणोपचार : आशा, भय आणि मात्रा

कर्करोग हा शब्द घरात पहिल्यांदा उच्चारला गेला की माणसे आवाज खाली आणतात; आणि त्या रोगावर ‘लाईट’ घ्यावे लागेल, ‘शेक’ द्यावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की खाली आलेला आवाज अगदीच थांबतो. शस्त्रक्रिया लोकांना समजते. वाईट भाग कापून काढला, एवढे कोणालाही उमगते. औषधही समजते, कारण ते डोळ्यांदेखत पोटात किंवा शिरेत जाते. परंतु ज्याला रूप नाही, वास नाही, चव नाही, असा किरण अंगातून आरपार जातो आणि रोग हटवतो, या गोष्टीचा मनाला ठाव लागत नाही. म्हणूनच या उपचाराविषयी आपल्याकडे दोन समजुती घट्ट रुजलेल्या आहेत. एक, लाईट घेतले की माणूस आतून जळतो. दुसरी, सगळे उपाय हरले म्हणजे लाईट देतात. दोन्ही समजुती आज चुकीच्या आहेत. परंतु त्या आकाशातून पडलेल्या नाहीत. त्यांना सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. किरणोपचाराकडून रुग्णाने काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, याचे उत्तर त्या इतिहासातच मिळते असे आम्हांस वाटते. म्हणून आज तोच श्रोत्यांपुढे मांडावयाचा आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्झबुर्ग येथे प्राध्यापक राँटगेन यांना आपल्या प्रयोगशाळेत एक अनोळखी किरण सापडला. अज्ञात म्हणून त्याला त्यांनी ‘क्ष’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये बेक्वेरेल यांना युरेनियमच्या क्षारांतून आपोआप किरण निघतात असे आढळले, आणि १८९८ साली मेरी व पिएर क्यूरी या दांपत्याने रेडियमचा शोध लावला. एवढे मोठे तीन शोध अवघ्या तीन वर्षांत लागावेत, हे विज्ञानाच्या इतिहासात विरळाच घडते. परंतु याहूनही नवल हे की, हे किरण म्हणजे काय ते पुरते कळण्यापूर्वीच वैद्यांनी ते रोग्यांवर वापरावयास घेतले. १८९६ च्या उन्हाळ्यात फ्रान्समधील लिआँ येथे डॉ. देपेन्य यांनी पोटाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला क्ष-किरण दिले. रोग्याला काहीसा आराम वाटला, पण तो वाचला नाही. त्याच वर्षी व्हिएन्नात डॉ. फ्रॉइंड यांनी पाच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरील केसाळ लासावर हे किरण सोडले. केस गळून पडले आणि सर्वांनी आश्चर्य केले. मात्र काही काळाने त्याच पाठीवर जखम झाली आणि ती भरता भरेना. किरणाचे दोन्ही चेहरे असे पहिल्याच वर्षी एका लहानग्या मुलीच्या पाठीवर दिसले होते. जगाने त्यांपैकी एकच पाहिला.

१९०१ साली बेक्वेरेल यांनी रेडियमची कुपी जाकिटाच्या खिशात ठेवून प्रवास केला, आणि खिशाखालची कातडी भाजल्यासारखी झाली. पिएर क्यूरींनी तो अनुभव मुद्दाम आपल्या दंडावर घेऊन पाहिला. जे निरोगी कातडीला जाळू शकते ते रोगट गाठीलाही जाळू शकेल, हा तर्क सरळच होता, आणि तेथून रेडियमचे वेड सुरू झाले. त्याची किंमत किती, तर १९२१ साली अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी जमवून मादाम क्यूरींना एक ग्रॅम रेडियम भेट दिले, त्यासाठी एक लाख डॉलर मोजावे लागले. इतकी महाग वस्तू गुणकारी असलीच पाहिजे, असे मानण्याकडे मनुष्याचा कल असतोच. बाजारात रेडियमचे पाणी बाटल्यांतून शक्तिवर्धक म्हणून विकले जाऊ लागले. अमेरिकेतील एक धनाढ्य कारखानदार ते वर्षानुवर्षे पीत राहिला. त्याच्या जबड्याची हाडे झिजली आणि १९३२ साली तो मरण पावला. 

आशेच्या पाठोपाठ भय आले, आणि ते खोटे नव्हते. त्या काळी किरण मोजावयाचे मापच नव्हते. नळीतून किरण किती प्रखर निघतात हे पाहण्यासाठी काम करणारे स्वतःचाच हात यंत्रापुढे धरीत. रोग्याला किती द्यावे, तर कातडी लाल होईपर्यंत, असा हिशेब असे. एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली याचे दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ साली तो कर्करोगानेच गेला. १९३६ साली हॅम्बुर्ग येथील एका रुग्णालयाच्या आवारात एक स्मारक उभारण्यात आले. किरणांचे काम करता करता प्राण गमावलेल्या दीडशेहून अधिक डॉक्टरांची, तंत्रज्ञांची व परिचारिकांची नावे त्यावर कोरलेली होती, आणि पुढे त्यांत भर पडत गेली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण आपण सहज वापरतो. येथे पुढच्यांनी हात आणि प्राण दिले आहेत. आज किरण देताना तंत्रज्ञ खोलीबाहेर जातात आणि रुग्णाला क्षणभर एकटे वाटते. यात रुग्णाला टाकून जाण्याचा भाव नसतो. रुग्णाला हा किरण काही दिवस घ्यावयाचा असतो. तंत्रज्ञाला जन्मभर रोज वीस-तीस रुग्णांच्या शेजारी उभे राहून तो सोसता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. भिंतीपलीकडून ते काचेतून किंवा पडद्यावर रुग्णाला पाहत असतात आणि त्याच्याशी बोलूही शकतात.

आता या कथेतील मुख्य प्रकरणाकडे वळू. रुग्ण पहिला प्रश्न विचारतो तो हा की, एवढे दिवस कशाला? गाठ जाळावयाची तर एकदाच जोराने जाळा. रोज रोज येरझारा घालावयास का लावता? हाच प्रश्न पहिल्या महायुद्धानंतर पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लोद रेगो यांच्यापुढे होता. त्यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. मेंढ्याच्या वृषणातील बीज सदैव वाढत असते. त्या बाबतीत ते कर्करोगाच्या पेशींसारखे. ते बीज एका फटक्यात नष्ट करू पाहावे तर वरची कातडी सडे. परंतु तीच मात्रा अनेक दिवसांत विभागून दिली, तर बीज नष्ट होई आणि कातडी मात्र शाबूत राही. निरोगी पेशी दोन बैठकांच्या मधल्या वेळात आपली डागडुजी करून घेते; भराभर वाढणाऱ्या पेशीला ती तितकी साधत नाही. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हीच रीत स्वरयंत्राच्या कर्करोगावर वापरली, आणि १९२२ साली पॅरिसच्या परिषदेत असे बरे झालेले रुग्ण वैद्यांपुढे मांडले. घसा कापलेला नाही, कातडी सडलेली नाही, आणि रोग गेलेला आहे! किरणोपचार खऱ्या अर्थाने शास्त्र झाले ते येथे. तोपर्यंत ती आग होती. येथून पुढे ती मात्रा झाली. आपल्या वैद्यकाला मात्रेचे महत्त्व नवे नाही. औषध तेच, परंतु मात्रा चुकली की विष होते, हे आजीबाईच्या बटव्यालाही ठाऊक होते.

मात्रा ठरवावयाची तर माप हवे. १९२८ साली स्टॉकहोमच्या परिषदेत ‘राँटगेन’ हे एकक जगाने मान्य केले. त्याच परिषदेत किरणांपासून संरक्षणाचे नियम ठरविणारी आंतरराष्ट्रीय समितीही स्थापन झाली. शरीराने प्रत्यक्ष शोषलेल्या किरणाचे आजचे माप ‘ग्रे’ हे होय. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुई हॅरल्ड ग्रे यांच्या नावावरून ते १९७५ साली स्वीकारले गेले. रुग्णाच्या कागदावर आज किती ग्रे, किती बैठकांत, हे लिहिलेले असते. ते दोन आकडे रुग्णाने अवश्य विचारून घ्यावेत. कातडी लाल होईपर्यंत या हिशेबापासून त्या दोन आकड्यांपर्यंत यावयास जगाला कित्येक दशके लागली आहेत.

मात्रा सापडली, तरी एक अडचण राहिलीच होती. जुन्या यंत्रांतील क्ष-किरण दुबळे असत. त्यांचा सर्वांत जास्त मारा कातडीवरच होई आणि खोलवरच्या गाठीपर्यंत थोडाच अंश पोहोचे. १९५१ साली कॅनडात प्रथम लंडन नावाच्या गावी आणि लगेच सास्काटून येथे कोबाल्टची यंत्रे रुग्णांसाठी सुरू झाली. अणुभट्टीत तयार केलेल्या या कोबाल्टचे किरण इतके जोरकस असतात की, त्यांचा पुरता प्रभाव कातडीखाली सुमारे अर्धा सेंटिमीटर गेल्यावर दिसतो. कातडी बरीचशी वाचते. १९५३ साली इंग्लंडच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात विजेच्या साहाय्याने याहूनही जोरकस किरण निर्माण करणारे रेषीय त्वरक यंत्र रुग्णांसाठी वापरात आले. त्याच दशकात कॅलिफोर्नियात डॉ. हेन्री कॅप्लन यांनी तशाच यंत्राने एका दोन वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातील कर्करोगावर उपचार केले. त्याचा एक डोळा आधीच काढावा लागला होता. दुसरा वाचला, आणि त्या डोळ्याने तो पुढे जग पाहत राहिला. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्राने शरीराचा आतला नकाशा दाखविला, आणि नेम कोठे धरावयाचा हे डोळ्यांना दिसू लागले. पुढे संगणकाच्या साहाय्याने किरणांचा झोत गाठीच्या आकाराप्रमाणे वळविता येऊ लागला. आपल्या गावातल्या कोणा आजीची लाईट घेतल्यावर काळीठिक्कर पडलेली कातडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी खोटे पाहिलेले नाही. परंतु त्यांनी पाहिला तो त्या काळचा उपचार. तेवढ्या आठवणीवर आजच्या रुग्णाने निर्णय करू नये.

आपल्या देशात ही विद्या आली तिच्यामागेही एका घरातील दुःख आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचा ल्युकेमियाने अंत झाला. परदेशात त्यांना मिळाले तसे उपचार या देशातील लोकांनाही मिळावेत, ही इच्छा दोराबजींनी धरली. १९३२ साली त्यांचेही निधन झाले, तरी त्यांच्यामागे विश्वस्तांनी ती पुरी केली आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. १९५० साली कलकत्त्याच्या चित्तरंजन कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन मादाम क्यूरींच्या कन्या इरेन जोलिओ-क्यूरी यांच्या हस्ते झाले. १९५७ साली मद्रासच्या अड्यार येथील संस्थेत कोबाल्ट यंत्र आले. १९६२ साली टाटा रुग्णालय अणुशक्ती विभागाकडे सोपविण्यात आले. रुग्णालय अणुशक्ती विभागाकडे का, असे पुष्कळांना वाटते. परंतु अणूचा उपयोग रोग्यासाठी व्हावा ही डॉ. होमी भाभा यांची दृष्टी त्यामागे होती. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र देशातच तयार केले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी कर्करोग रुग्णालय उभे राहिले आणि तेथे १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची पद्धतशीर नोंद ठेवली जाऊ लागली. तात्पर्य, ही विद्या आता परळच्या चार भिंतींत राहिलेली नाही.

एवढ्या इतिहासाने रुग्णाच्या पदरात नेमके काय पडले? पहिली गोष्ट, अवयव वाचले. पूर्वी स्तनाचा कर्करोग म्हणजे संपूर्ण स्तन, त्याखालचे स्नायू आणि काखेतील गाठी काढणे, हाच मार्ग होता. लंडनचे शल्यवैद्य जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकात रेडियमच्या सुया वापरून वेगळी वाट धरली, परंतु त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही. १९७० च्या दशकात मिलानमध्ये व्हेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी शेकडो स्त्रियांवर रीतसर तुलना केली. लहान गाठीच्या बाबतीत फक्त गाठ काढून किरण दिले, तर स्त्री तितकीच वर्षे जगते, असे दिसून आले. आणि वीस वर्षांनंतरही, २००२ साली, निष्कर्ष तोच राहिला. १९९१ साली अमेरिकेतील एका अभ्यासाने असे दाखविले की, स्वरयंत्राच्या वाढलेल्या कर्करोगातही औषध आणि किरण यांच्या साहाय्याने पुष्कळांचे स्वरयंत्र वाचविता येते, आणि त्यासाठी आयुष्याचे मोल द्यावे लागत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर किरणांबरोबर सिस्प्लॅटिन हे औषध दिल्यास अधिक स्त्रिया वाचतात, हे १९९९ साली सिद्ध झाले. तेव्हा सगळे उपाय हरले म्हणजे लाईट, ही समजूत सोडून द्यावी. कित्येक कर्करोगांत किरण हाच मुख्य उपाय असतो.

आता प्रत्यक्ष काय घडते ते सांगतो. आरंभी काही दिवस आखणीत जातात. सी. टी. काढतात, अंगावर खुणा करतात. मान किंवा डोके असल्यास चेहऱ्यावर बेतलेला जाळीदार मुखवटा करतात. रुग्णाला वाटते की दिवस फुकट चालले. परंतु नेम याच दिवसांत धरला जातो. त्या खुणा पुसू नयेत. मग आठवड्यातून साधारण पाच दिवस, रोज काही मिनिटे. किरण लागताना दुखत नाही. छातीचा फोटो काढताना जितके कळते तितकेच कळते. बाहेरून किरण घेतलेला मनुष्य स्वतः किरण फेकीत नाही. त्याने नातवाला मांडीवर घ्यावे, घरच्यांबरोबर जेवावे. गर्भाशयमुखाच्या उपचारात आतून किरण देतात, तेथेही किरणाचा स्रोत काढून घेतला की अंगात काही उरत नाही.

त्रास होतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. थकवा बहुतेकांना येतो. बाकीचा त्रास जेथे किरण तेथेच. डोक्यावर किरण नसतील तर डोक्याचे केस जात नाहीत. तोंडावर असतील तर तोंड येते, चव जाते, गिळणे अवघड होते. म्हणून दात आधीच तपासून घ्यावे लागतात. ओटीपोटावर असतील तर जुलाब आणि लघवीची जळजळ होते. हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, शेवटी शेवटी सर्वांत जास्त असतो आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. काही परिणाम मात्र उशिरा, महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसतात. तोंड कोरडे राहणे, कातडी घट्ट होणे, आतड्याचा किंवा मूत्राशयाचा त्रास, आणि क्वचित कित्येक वर्षांनी दुसरा कर्करोगही. डॉक्टरांना याविषयी मोकळेपणाने विचारावे. विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे.

फळही लगेच दिसत नाही. किरणाने पेशीच्या गाभ्यावर घाव बसतो, परंतु पुष्कळशी पेशी मरते ती पुढे विभागू पाहते तेव्हा. म्हणून उपचार संपल्यावरही गाठ आठवडेच्या आठवडे लहान होत राहते आणि खरी तपासणी बहुधा दोन-तीन महिन्यांनी करतात. शेवटच्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी गाठ हाताला लागली म्हणून हाय खाऊ नये.

आणखी एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट विचारून घ्यावी. हा उपचार रोग मुळातून काढण्यासाठी आहे, शस्त्रक्रियेनंतर उरलेसुरले निपटण्यासाठी आहे, की दुःख हलके करण्यासाठी आहे? हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना पुष्कळदा आठ ग्रेच्या एकाच बैठकीने कमी होतात. तेथे महिनाभर हेलपाटे घालण्याचे कारण नसते. आणि रोग बरा होणार नसला, तरी रात्रीची झोप परत मिळणे ही काही लहान प्राप्ती नव्हे. अपेक्षा आणि हेतू यांची गाठ पडली नाही म्हणजे निराशा होते, आणि तिचा दोष मग किरणांवर येतो.

शेवटी दिवसांविषयी. शास्त्र स्वतःच आता दिवस कमी करू लागले आहे. इंग्लंडमधील अभ्यासांनी स्तनाच्या कर्करोगात पंचवीस बैठकांऐवजी पंधरा बैठका पुरतात हे दाखविले, आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या तेथीलच अभ्यासात प्रारंभीच्या अवस्थेतील पुष्कळ स्त्रियांना एका आठवड्यातील पाच बैठका पुरेशा ठरल्या. परंतु शास्त्राने मोजून कमी केलेले दिवस वेगळे, आणि रुग्णाने मध्येच सोडून दिलेले दिवस वेगळे. तोंडाच्या, घशाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगात खंड पडला की उरलेल्या पेशी त्या अवकाशात पुन्हा भराभर वाढतात. उपचार लांबलेल्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. रेगोंच्या मेंढ्यांनी शिकविलेला धडा असा दुधारी आहे. मधला वेळ निरोगी पेशीला उपयोगी पडतो. परंतु तो वाजवीपेक्षा लांबला, तर रोगालाच उपयोगी पडतो.

आणि रुग्ण मध्येच का सोडतात? सर्वच काही भीतीने सोडत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड आलेले असते, अंगात त्राण नसते, खिशातले पैसे संपलेले असतात, आणि गावाकडे पेरणी खोळंबलेली असते. परगावी सहा आठवडे राहावयाचे कोठे, हा प्रश्न किरणांच्या मात्रेइतकाच गंभीर आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची व त्यांच्या नातेवाइकांची राहण्याची सोय होते. हातात खराटा घेऊन हिंडणाऱ्या त्या साधूचे नाव किरणोपचाराच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. परंतु धर्मशाळेत जागा मिळाली म्हणून ज्यांच्या बैठका पुऱ्या झाल्या, त्यांच्या बरे होण्यात त्या नावाचा वाटा आहे. यंत्रे सरकार आणील, मात्रा डॉक्टर ठरवतील. परंतु आपल्या आळीतील एखाद्या रुग्णाला चौथ्या आठवड्यात सोबत करणे, त्याच्या मुलांना दोन वेळचे जेवण घालणे, त्याची पेरणी करून देणे, हे काम कोणत्याही रुग्णालयाला जमणारे नाही. ते आपल्या गावाचे आहे. आज येथे बसलेल्यांपैकी दहाजणांनी ते अंगावर घेतले, तरी आजची संध्याकाळ कारणी लागली असे आम्ही समजू.